टाकीखालची जागा

मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेसाठी, माहेरी आलेल्या लेकीच्या हातात आधी चहाचा कप येत नाही, सतरंजी येते. रीना लाखनीहून दोन बस बदलून घरी पोचली, तोंडावर पाणी मारलं, तोवर आईने, पंचफुलाने, गुंडाळलेली सतरंजी तिच्या काखेत खोचलीसुद्धा.

"आंधी जागा धरून ये. चहा मंग पिजो. मागच्या साली उशीर झाला, तं मले रातभर ड्रामा कमी अन् लोकायच्या मुंड्याच जास्त दिसल्या."

नाटक रात्रीचं असलं तरी सतरंज्या दुपारीच पडतात. त्यातही सगळ्यांची ओढ टाकीखालच्या जागेकडे. आसगावच्या पुढे, वैनगंगेच्या अंगाला असलेल्या या गावाच्या पटांगणात मधोमध पाण्याची टाकी उभी आहे, चार उंच खांबांवर. पूर्वेच्या दोन खांबांना पडदा बांधतात, पडद्यापलीकडे स्टेज. अलीकडे टाकीच्या पोटाखाली बायका-लेकरं आणि त्यांच्या मागे उघड्यावर पुरुष. दिवाळीनंतरच्या रात्री दव पडतं, शालीसुद्धा ओल्या होतात. टाकीखाली दव पडत नाही. म्हणून तिथली हातभर जागा मिळवायला बायका सकाळचा स्वयंपाक लवकर उरकतात.

रीना पोचली तेव्हा बरीचशी जमीन झाकलेली होती. सतरंज्या, बारदाने, खताच्या पोत्यांची शिवलेली पट्टी, आणि प्रत्येकीवर राखणीला एकेक लेकरू. पंपघराकडच्या मागच्या खांबाशी थोडी जागा दिसली. सतरंजीचं टोक बसवताना तिने आधारासाठी खांबाला हात लावला. मंडईसाठी मारलेला ताजा निळा रंग. हाताखाली तो गरम पुरीसारखा दबला.

ती खाली बसली. रंगाचा फुगा बोटाने फोडला. आत पांढरा ओला लगदा होता. तिने घराची किल्ली त्यात टेकवली. किल्ली मुठीपर्यंत आत गेली आणि जोर म्हणून लावावा लागला नाही. किल्लीबरोबर एक ढेकूळ निघून तिच्या तळहातावर पडलं. त्याच्या मागे लोखंडी सळी दिसली, तांबड्या पापुद्र्यांनी सोललेली, करंगळीहून बारीक झालेली.

रीना ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. प्रयोगशाळेत मुलांना जे ती कधीच करू देत नसे, ते तिने केलं. बोटाला लागलेला लगदा जिभेच्या टोकाला लावला.

"काय वो रीना," पहिल्या रांगेतल्या बारदान्यावरून मागे वळून रंभाबाई म्हणाली, "खांब चाटून राहिली काय? लाखनीले जेवाले नाही भेटत का तुले?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. रीनाही हसली असती, पण जीभ आखडली होती. तुरट चव. जखमेवर फिरवतात त्या तुरटीची.

तिची नजर आपोआप पंपघराच्या भिंतीला लागून असलेल्या सिमेंटच्या हौदाकडे गेली. पावसाळ्यात नदीचं पाणी चहासारखं येतं. त्यातला गाळ खाली बसावा म्हणून हौदात तुरटी विरघळवतात, ते पाणी टाकीच्या पाण्यात मिसळतात, आणि हौद धुतल्यावर उरलेलं तुरटीचं जहाल पाणी एका नळीने बाहेर सोडतात. ती नळी खांबाच्या पायथ्याशी एका खड्ड्यात उतरत होती. खड्डा कोणी खणला हे तिला माहीत होतं. का खणला तेही. पूर्वी ते पाणी नालीत जायचं, गुरं तोंड लावायची, त्यांना हगवण लागायची, गाव ओरडायचं. मग एका माणसाने स्वतःच्या हाताने खड्डा खणला, गुरांच्या वाटेपासून दूर, खांबाच्या आडोशाला.

तो माणूस तिचे वडील होते.

डोक्यावर पाणी पडल्याचा आवाज येत होता. टाकी भरत होती.

तेजराम पंपघरात मोटरवर तळवा ठेवून उभा होता. ही त्याची जुनी सवय, मोटर तापली का ते तो हाताने पाहायचा. नळयोजना झाली तेव्हापासून गावाचं पाणी सोडणं त्याच्याकडे होतं. त्याच्या आजोबांनी गावच्या विहिरीपाशी घागर ठेवून, कोणी वरून पाणी ओतेल म्हणून दुपार दुपार वाट पाहिली होती. आता कोणत्या गल्लीत पाणी कधी जायचं हे तेजरामच्या हातातलं वॉल्व्हचं चाक ठरवायचं. तो याबद्दल कधी बोलत नसे. पण पाणी सोडायला जाताना इस्त्रीचा शर्ट घालत असे.

"बाबा, टाकी किती भरली?"

"काठोकाठ करतो आज. घरोघरी पावने आहेत. सायंकाळी कोनाच्या घरी पानी कमी पडलं, असं नाही झालं पायजे."

"मोटर बंद करा."

"काहून?"

तिने ढेकूळ पुढे केलं. त्याने पाहिलं, दोन बोटांत दाबलं. ढेकूळ कुस्करलं.

"हे त्या खांबाचं. रंग फुगते तिथं," तो म्हणाला. "दरसाल फुगते. मी खरवडून पुट्टी मारतो, पंचायतवाले वरून रंग मारतात. ओल आहे."

"ओल नाही बाबा. तुरटी आहे."

"तुरटीनं पानी साफ होते. खांबाले काय होते तिनं?"

रीनाने श्वास घेतला. वर्गात ती हे वीस मिनिटांत सांगायची. इथे वर टाकीत पाणी पडत होतं.

"खांब सिमेंटातल्या चुन्यानं धरून राहते. तुरटीचं पानी आंबट असते, ते चुना काढून नेते. अन् तिच्यात सल्फेट असते. ते उरलेल्या चुन्याले लागलं का त्याचे खडे बनतात, आतल्या आत फुगतात अन् खांबाले फोडतात. मंग सळी उघडी पडते, गंजते. वरून रंग, आतून भुगा. हे एका सालात नाही झालं. टाकी बांधली तेव्हापासून होऊन राहिलं."

"म्हन्जे मी केलं."

रीनाने उरलेलं अर्धं ढेकूळ मुठीत धरलं.

"गुरायले तरास नको म्हनून मी तिथं सोडत होतो," तो म्हणाला. "अन् आता खांब मी खाल्ला म्हन्तेस?"

"मोटर बंद करा, बाबा. वर पन्नास हजार लिटर म्हन्जे धानाचे पाच ट्रक भरून उभे आहेत. खाली लेकरं बसली आहेत."

"कोनी इंजिनेर आला नाही, कोनी साहेब बोलला नाही. तू एक ढेकूळ घेऊन आली." तेजरामचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मंडईच्या दिवशी पानी बंद केलं तेजरामनं. काहून केलं? पोरीनं सांगतलं. असं म्हनतील लोकं. जा, सरपंचबाईले सांग. ते म्हनल्या तं करतो."

त्याने पुन्हा मोटरवर तळवा ठेवला आणि तिच्याकडे पाठ केली.

ग्रामपंचायत रस्त्यापलीकडे होती. सरपंच सत्यभामाबाई आणि मंडई कमिटीचा अध्यक्ष टिकाराम पाहुण्यांच्या नारळ-शालींचा हिशोब जुळवत बसले होते. टिकाराम धिप्पाड, बोलका. नाटक कंपनी ठरवण्यापासून कंदील लावण्यापर्यंत मंडई त्याच्या जिवावर उभी राहायची.

रीनाने उभ्यानेच सगळं सांगितलं. उरलेलं अर्धं ढेकूळ टेबलावर ठेवलं. सत्यभामाबाईंनी ते उचलून पाहिलं, आणि शालींवर भुगा पडू नये म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर सरकवलं.

"मॅडम," टिकाराम म्हणाला, "टाकी पडायचीच असती तं मागच्या साली पडली असती. आमच्या हिरोइनच्या गान्यावर आख्खं गाव नाचलं तिच्याखाली."

"मागच्या वर्षी उभी राहिली म्हणून यंदा राहील असं नाही, काका. खांब दरवर्षी आतून कमी होतो. वरून तेवढाच दिसतो."

"दिसते ना? मंग आहे."

"टिकारामभाऊ, थांबा जरा." सत्यभामाबाईंनी फोन लावला. पलीकडे इंजिनीअर दिवाळीला गावी गेला होता. त्या दोन-चार वेळा हो, हो म्हणाल्या आणि फोन ठेवला. "सोमवारी येतो म्हन्ते. आजच्या रातीचा सवाल आहे, रीना. उद्या मी स्वतः टाकी खाली करायले लावतो."

"आज रात्रीच माणसं खाली असणार आहेत, मावशी. उद्या नसतील."

सत्यभामाबाई वाईट बाई नव्हत्या. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि हळू बोलल्या. "बरं, मान्य केलं. खांब गेला. पयला सवाल काय येईन? कोनामुळं गेला. तुह्या बापाचं नाव गावापुढं मी घेऊ का तू घेशील? त्याले काढा म्हननारे पयलेच दोन-चार आहेत. एकेकाच्या डोळ्यात सलते त्याचं ते चाक. सोमवारी इंजिनेर आला, त्यानं कागदावर लिवलं, तं गोष्ट अलग होते. जमिनीत खार आहे म्हना, कायबी म्हना. तेजराम मोकळा राह्यते."

रीनाच्या तोंडात अजून ती चव होती. सोमवार. तीन दिवस. तिला ते हवंसं वाटलं, हे तिला स्वतःपासून लपवता आलं नाही.

तेवढ्यात बाहेर साउंडवाल्याने बॉक्स सुरू केले. पहिला ठोका असा बसला की खिडकीची काच थरथरली. रीनाने बाहेर पाहिलं. टाकी रस्त्यापलीकडे समोरच होती. दुसरा ठोका. मागच्या खांबावरून निळ्या रंगाची एक पट्टी सुटली, अलगद तिच्या आईच्या सतरंजीवर पडली. पुढच्या बारदान्यावरून उठून आलेल्या रंभाबाईच्या नातीने ती उचलली आणि कपाळाला लावून पाहिली.

"आवाज बंद करा," रीना म्हणाली. तिचा आवाज इतका मोठा निघाला की टिकाराम उठून उभा राहिला. "निदान तेवढं करा, काका."

"करतो बाप्पा. करतो." त्याने खिडकीतून हात हलवला. "टेस्टिंगच आहे ते."

ती परत आली तेव्हा तेजराम पंपघरात नव्हता. खांबाशी होता. हातात सबल, त्याच्या उंचीची लोखंडी पहार. भोवती चार-दोन बायका काय चाललंय म्हणून पाहत होत्या.

"सरपंचबाई काय म्हनल्या?"

"सोमवारी."

"मंग पाय." त्याने सबल दोन्ही हातांनी धरली. "सोमवारची गरज नाही. तुले आत्ता दाखवतो. रंग सुटते, खांब सुटत नाही. सिमेंट मी डोळ्यानं पाह्यलं आहे टाकताना."

"बाबा, जोरात नको."

तो जोरात मारणारही नव्हता. त्याने फक्त टोचली, भिंत पोकळ आहे का हे वाजवून पाहावं तशी. सबल वाजली नाही. चार बोटं आत गेली. त्याने भुवया चढवल्या आणि अंगाचा थोडा भार टाकला. ती आणखी चार बोटं गेली. फटीतून मातकट पाण्याचा एक थेंब आला, मग एक बारीक धार.

तेजरामने हात सोडले. सबल खाली पडली नाही. खांबात रुतून आडवीच राहिली.

 त्याने ती काढायला हात पुढे केला, तेव्हा रीनाने नुसती मान हलवली. त्याने हात मागे घेतला. मग तो वळला आणि पंपघराकडे निघाला. चालताना त्याने एकदाही वर पाहिलं नाही, पण खांदे आवळले होते, डोक्यावर काही पडेल असं वाटणाऱ्या माणसासारखे.

मोटर बंद झाली. पाण्याचा आवाज थांबल्यावर पटांगणातली लेकरांची बडबड एकदम मोठी झाली.

"खाली करतो," तो म्हणाला. टाकी धुताना पाणी सोडायचं एक वेगळं चाक होतं. त्याचा हात त्यावर गेला.

"हे पानी कुठं जाते, बाबा?"

तो थबकला. ती नळीसुद्धा त्याच खड्ड्यात उतरत होती. पन्नास हजार लिटर पाणी खांबाच्या मुळाशी.

त्याने चाकावरून हात असा उचलला जसा तव्यावरून उचलतात. क्षणभर तो मोकळ्या हातांनी उभा राहिला, आणि रीनाला पहिल्यांदा वाटलं की वडील म्हातारे झालेत.

"गावात सोडा," ती म्हणाली. "सगळ्या गल्ल्यांत, एकदम. नळानं जाऊ द्या."

"एकदम कधी सोडलं नाही." पण तो चालू लागला होता.

गावाचा मोठा वॉल्व्ह रस्त्याच्या कडेला फरशीखाली होता. तेजरामने फरशी सरकवली, गुडघे टेकले, आणि चाक फिरवत राहिला, फिरवत राहिला, ते पुढे फिरेना तोवर. जमिनीखाली पाणी धावल्याची घरघर झाली.

पहिली हाक बौद्धपुऱ्यातून आली, दुसरी बाजार गल्लीतून. "पानी आलं वो! नळ आले!" मग जे झालं त्याचा विचार दोघांपैकी कोणीच केला नव्हता. मंडईच्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, अवेळी नळ आला आणि घरी भांडी रिकामी! टाकीखालच्या बायका एकदम उठल्या. साड्या खोचत, एकमेकींना ढकलत, चपला हातात घेऊन त्या घरांकडे पळाल्या. जिचा नळ चौकात सामायिक होता ती सगळ्यांत पुढे होती. रंभाबाई गुडघ्यांनी अधू, पण तीही निघाली.

"आज दोनदा, तेजराम?" तिने जाता जाता विचारलं. "पोरगी आली म्हनून खुश दिसतोस!"

आणि नातीला बजावलं, "जागा सोडजो नको. कोनी आलं तं चावजो."

सगळ्यांनी आपापल्या लेकरांना हेच बजावलं होतं. टाकीखाली आता एकही मोठं माणूस नव्हतं. वीस-पंचवीस लेकरं होती, आणि ती हलणार नव्हती.

"चला रे, तिकडं चला, त्या बांधीत खेळा," रीना म्हणाली. रस्त्यापलीकडे टिकारामच्या शेतातला हलका, लवकर पिकणारा धान कापून झाला होता. मोकळी बांधी, नुसती धसकटं.

"जागा जाईन," एक पोर म्हणालं.

"मी राखते."

"तुही सतरंजी मागं आहे," रंभाबाईची नात म्हणाली. "तू तुही आमच्या पुढं घेशील."

रीनाने खांबाकडे पाहिलं. सबलीच्या वर, तिच्या छातीच्या उंचीवर, निळ्या रंगात केसाएवढी रेघ उमटली होती. मघाशी ती नव्हती. किंवा असेल, तिने पाहिली नसेल. पाणी उतरायला वेळ लागणार होता. ओरडली असती तर लेकरं रडली असती, काही पळाली असती, काही सतरंजीला घट्ट धरून बसली असती.

तिने सगळ्यांत पुढच्या रांगेतलं पहिलं बारदान दोन टोकांना धरलं.

"ही पहिली," ती वर्गातल्या आवाजात म्हणाली. "ही तिकडेही पहिलीच राहील. कोणाची सतरंजी कोणाच्या मागे जाणार नाही. स्वतःची धरा, रांगेनं या. बांधीत जसंच्या तसं मांडायचं."

ज्या बारदान्यावर रंभाबाईची नात बसली होती, ते निघालं. मुलगी मागोमाग निघाली. तिला राखायचं होतं ते बारदान. जमिनीचं तिला काय! दुसरं निघालं, तिसरं निघालं. आपला नंबर चुकू नये म्हणून लेकरं स्वतःच घाई करू लागली. रीना शेवटपर्यंत टाकीखाली उभी राहून एकेक रांग सोडत होती. पाठ खांबाकडे होती, आणि त्या पाठीला प्रत्येक क्षण खांब जाणवत होता. पंचफुलाची सतरंजी शेवटची. ती तिने गुंडाळली नाही, तशीच ओढत नेली.

बांधीत पोचल्यावर तिने ती शेवटच्या रांगेत पसरली. ती धसकटांत बसली. लेकरं भांडत होती. "आमची इथं, तुमची तिथं."

टिकारामला कळलं ते स्टेजवरून. पडदा सरकवून तो बाहेर आला, आणि समोर त्याला उघडी जमीन दिसली. प्रेक्षक रस्त्यापलीकडे, आणि तेही त्याच्याच शेतात.

"कोनं हलवल्या सतरंज्या? कोनाच्या डोक्यात आलं हे? तेजराम! तुह्या पोरीनं मंडईचा खेळ केला का?"

"सबल पाय," तेजराम म्हणाला.

"काय सबल?"

"पाय तं खरी."

टिकाराम गेला. शिव्या देतच गेला. मग शिव्या थांबल्या. त्याने सबलीला हात लावला नाही. जमिनीला समांतर रुतून राहिलेल्या त्या लोखंडाकडे पाहत तो मागे सरकायला लागला, पावलं न उचलता. पडद्याचे दोर पुढच्या खांबांना बांधलेले होते. तिथे जाऊन त्याने पोरांना हाक मारली नाही. पहिली गाठ स्वतः सोडली, हळू, दोराला झटका बसणार नाही अशी. दुसरी सोडली.

"साउंडवाल्याले सांगा," तो म्हणाला, "बॉक्स बांधीत न्या. अन् वाजवू नका आत्ता. कोनी वाजवू नका."

बायका परतल्या त्या ओल्या पदरांनी, भरल्या घराच्या समाधानात. रंभाबाईने आधी नातीला पाहिलं, मग रांग मोजली.

"माही पुढं होती."

"पुढेच आहे, काकू."

"होय," ती नाइलाजाने म्हणाली. "पन इथं दव पडन ना."

दिवस कलता कलता नळांतून पाणी तुटायला लागलं. आधी धार बारीक झाली, मग नळ फुसफुसले, हवा आली. टाकी रिकामी झाली. ती उभीच होती. रस्त्यावरून पाहणाऱ्याला रोजच्यासारखीच दिसत होती, निळी, नवी. खांबातली सबल इंचभर खाली झुकली होती, इतकंच.

सत्यभामाबाई पंचायतीच्या पायरीवर उभ्या होत्या. भोवती माणसं जमली होती. त्यात तेजरामच्या चाकावर डोळा असलेलेही होते.

"कोनाच्या परवानगीनं सोडलं पानी?"

"माह्या," तेजराम म्हणाला.

"खांबाले झालं काय पन?" गर्दीतून कोणीतरी विचारलं. "कायनं झालं?"

सत्यभामाबाईंनी रीनाकडे पाहिलं. ती वेळ आली होती. रीनाने तोंड उघडलं. 'जमिनीत खार' हे दोन शब्द तयार होते. सोपे, खोटे आणि कोणाला न बोचणारे. ते तिच्या तोंडून निघाले नाहीत. पण वडिलांचं नावही निघालं नाही. मग तिने पाहिलं की वडील तिच्या उत्तराची वाट पाहतच नव्हते.

पंचायतीच्या भिंतीवर काळ्या रंगाचा चौकोन होता. पाणी कोणत्या गल्लीला किती वाजता, ते तेजराम रोज सकाळी तिथे लिहायचा. तो त्याच्याकडे गेला. त्याने खिसे चाचपले. खडू नव्हता. खिडकीच्या कट्ट्यावर दुपारचं ते ढेकूळ होतं, आता वाळलेलं. त्याने ते उचललं आणि फळ्यावर टेकवलं.

पांढरी रेघ उमटली, ठळक, स्वच्छ.

तेजरामने ढेकूळ उलटंपालटं करून पाहिलं.

"खडूच आहे हा," तो म्हणाला.

"चुन्याले सल्फेट लागलं का हेच बनते, बाबा. शाळेतल्या खडूतही तेच."

त्याने मान हलवली. मग गर्दीकडे पाठ करून तो लिहू लागला. हात संथ चालत होता, अक्षर रोजच्यासारखंच वळणदार. लोक वाचायला पुढे सरकले.

*टाकीखाली कोणी जाऊ नये. तुरटीच्या पाण्याने खांब खराब झाला. ते पाणी मी तिथे सोडत होतो.*

कुणीतरी मागे काही पुटपुटलं. "म्हनलं नव्हतं मी..." टिकारामने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. पुटपुटणं तिथेच थांबलं, पण संपलं नव्हतं. ते उद्या पुन्हा सुरू होणार, सोमवारी कागदावर येणार, हे तेजरामच्याही लक्षात आलं असणार. त्याचा हात क्षणभर थांबला होता.

मग त्याने पुढची ओळ लिहिली.

*उद्या नळ येणार नाही. सकाळी जुन्या विहिरीवर मोटर लावू. घागरी घेऊन यावे.*

आणि खाली नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. शेवटच्या अक्षरापर्यंत ढेकूळ झिजून बोटांत धरता येईनासं झालं. उरलेला भुगा त्याने शर्टाला पुसला नाही. इस्त्रीचा शर्ट होता. हात झटकून तो रीनाला म्हणाला, "दोर आन. लांबून चारी बाजूनं बांधून घेऊ. लेकरायचा भरवसा नाही."